श्रीमंतमामा आणि ‘नाही’ची नोंद

श्रीमंतमामा माझ्यासमोर उभे राहून म्हणाले, “मॅडम, हे मी भरणार न्हाई,” तेव्हा मी खुर्चीतून पडायचीच काय ती बाकी राहिले. अहो, सोळा वर्षं हा माणूस माझ्या हाताखाली! ग्रंथालयातलं कपाट हलवायचं असो, छपरावरची टाकी बघायची असो, नाहीतर कुणा प्राध्यापकानं दोन वर्षं दाबून ठेवलेलं पुस्तक त्याच्या घरून काढून आणायचं असो, मामांच्या तोंडून नकार म्हणून कधी ऐकला नव्हता. आणि त्या दिवशी कशाला नकार, तर कॉम्प्युटरवरच्या एका रकान्याला.

मामा म्हणजे माझे कुणी नातलग नव्हेत. कॉलेजात परिचराला सगळेच मामा म्हणतात, मीही म्हणते. त्यांचं नाव श्रीमंत. शिक्षण सातवी. गाव औशाकडचं, भूकंपातलं. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही, पुढं कळेलच का ते. त्र्याण्णवच्या त्या पहाटे ते लातूरला डाळमिलमध्ये पोती उचलत होते, म्हणून वाचले. घरी आई, बायको आणि दोन वर्षांची लेक. एवढंच मला ठाऊक होतं. लातुरात अशा माणसाला कुणी खोदून खोदून विचारत नाही. ‘पायाखालची जमीन सरकली’ असं बाकीचा महाराष्ट्र सहज बोलून जातो, आमच्याकडं बोलणाऱ्याची जीभ मध्येच अडखळते.

तर डिजिटल लायब्ररीचं प्रकरण सुरू झालं दोन हजार तेरा साली. आमच्या गावात तोवर दुकानांपेक्षा क्लासच्या पाट्या जास्त झाल्या होत्या. अख्ख्या महाराष्ट्रातली पोरं डॉक्टर व्हायला लातूरला येऊन पडलेली. आमचा वाचनकक्ष सकाळी सहाला भरायचा, आणि त्यात एकाच्याही हातात आमचं पुस्तक नसायचं! सगळ्यांपुढं क्लासच्या नोट्स. आमचे प्राचार्य रेणुकादास सर एके दिवशी आले आणि म्हणाले, “सौदामिनीबाई, तपासणी समिती येतेय. आपली डिजिटल लायब्ररी पाहिजे. विकत काही मिळणार नाही, तुमचं तुम्ही बघा.” वा रे वा! म्हणजे लग्न ठरवलं यांनी आणि मांडव घालायचा मी.

नांदेडला एका कार्यशाळेत मी डीस्पेस नावाचं सॉफ्टवेअर पाहिलं होतं. ते फुकट असतं, कुणीही घ्यावं, आपल्या गरजेप्रमाणं बदलावं. गंमत अशी, की फुकट गोष्टीचा त्रासही पुरेपूर मिळतो. आठ दिवस मी त्या मशीनपुढं बसले. एक आज्ञा टाइप केली की पडदाभर चुकांची यादी. माझं डोकं असं तापलं होतं की मामा चहा टेबलावर ठेवून लांबून निघून जायचे. पण मामा बघत होते. मी दिलेली प्रत्येक आज्ञा ते एका वहीत उतरवून घेत होते. इंग्रजी येत नाही, तर अक्षरं चित्रासारखी काढायची! डेटाबेसच्या चिन्हात हत्ती होता, म्हणून त्याचं नाव हत्ती. वेबसाइट चालवणाऱ्या भागाचं नाव टॉमकॅट. “म्हणजे काय?” त्यांनी विचारलं. म्हटलं, बोका. झालं! तेव्हापासून वीज गेली आणि सर्व्हर बंद पडला की मला फोन यायचा, “मॅडम, बोका झोपला. आधी हत्ती उठवतो, मग बोका. तुम्ही येऊ नका.” आणि खरंच उठवायचे. संगणक विभागातले एम.एस्सी. झालेले लोक तोंडात बोटं घालायचे.

समिती आली, माना डोलावून गेली. सरांनी जुन्या प्रश्नपत्रिका चढवायला लावल्या, त्या दणक्यात चालल्या. मला मात्र खोड. मला वाटलं, भूकंपाला वीस वर्षं झाली, गावोगावचे कागद वाळवीच्या पोटात चाललेत, ते आपण स्कॅन करून ठेवू. फिरले, मागितले. एका सरपंचाच्या ट्रंकेत गावची घरवार यादी मिळाली, भूकंपानंतर कुठल्या घरात कोण उरलं त्याची. निलंगा रस्त्याला त्या वेळी मदतछावणी चालवलेल्या एका निवृत्त गुरुजींनी छावणीची नोंदवही दिली. हातानं लिहिलेलं स्कॅन केलं तरी शोधता येत नाही. प्रत्येक नाव टाइप करावं लागतं. छावणीची वही मी स्वतः केली. घरवार यादी मामांना दिली. ती मामांच्याच गावची होती, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. खरं सांगते, आजही ते आठवलं की मला माझीच शरम वाटते. सोळा वर्षं ज्याच्या हातचा चहा प्यायले, त्याच्या गावाचं नाव मला पाठ नसावं?

मामा एका बोटानं टाइप करायचे. महिनाभरात तीनशेच्या वर नोंदी झाल्या. आणि मग, चौदा सालच्या जुलैत, तो दिवस उजाडला.

“भरणार न्हाई म्हणजे काय?” मी तडकलेच. “काय अडलंय?”

त्यांनी पडद्याकडं बोट केलं. फॉर्म मीच बनवलेला. त्यात ‘स्थिती’ नावाचा रकाना. मूळ यादीत प्रत्येक नावापुढं ‘आहे’ किंवा ‘नाही’ असं लिहिलेलं. मी शहाणी! मी ठरवलं, सगळीकडं एकसारखे शब्द हवेत. म्हणून रकान्यात दोनच पर्याय ठेवले, हयात आणि मृत. ‘आहे’ असेल तर हयात, ‘नाही’ असेल तर मृत. काहीतरी निवडल्याशिवाय नोंद जतन होत नाही, अशी सोयही मीच केलेली.

“ह्यात तिसरं न्हाई का?” मामांनी विचारलं.

“तिसरं कशाला? माणूस एकतर जिवंत असतो नाहीतर मेलेला.”

मी पुढं वाकून बघितलं. त्याआधीची नोंद, एका बाईची, नवऱ्याचं नाव श्रीमंत. मृत. तिच्याआधी म्हातारी सासू. मृत. दोन्ही मामांनी स्वतःच्या बोटानं भरलेल्या. आणि समोर उघडी होती ती नोंद: मुक्ता श्रीमंत, वय दोन. मूळ यादीत शब्द, ‘नाही’.

मी माऊसवरचा हात काढून घेतला.

“आईचं भरलं,” मामा म्हणाले. “बायकोचं भरलं. त्यान्ला मी माझ्या हातानं अग्नी दिला, त्यात खोटं काय न्हाई. हिचं कसं भरू? ही मला सापडलीच न्हाई.”

“पण यादीत तर...”

“यादीत मीच घातलंय, मॅडम. तिसऱ्या दिवशी यादीवाला आला. माझं डोकं ठिकाणावर न्हवतं. त्यानं इचारलं, आई? म्हनलं, गेली. बायको? गेली. लेक? म्हनलं, न्हाई. म्हंजी घावली न्हाई, असं म्हनायचं व्हतं मला. त्यानं लिव्हलं, नाही. फुडं तालुक्याला यादी टाइप झाली, त्यात ‘नाही’ ती सगळी मेलेली.”

“अहो, मग तुम्ही बोलला का नाहीत? सांगायचं ना जाऊन!”

“कागदावर आलं ना, मॅडम,” मामा अगदी साधेपणानं म्हणाले. “मला वाटलं, त्यान्ला कुठं तरी घावली आसंल, ढिगात. सरकार काय उगी लिवतंय का?”

एकवीस वर्षं! हा माणूस एकवीस वर्षं एका कागदावर विश्वास ठेवून बसला होता, आणि त्या कागदानं विश्वास ठेवला होता ह्याच्याच एका शब्दावर. मला ओरडावंसं वाटत होतं, पण कुणावर ओरडणार? मीही तेच केलं होतं की! वातानुकूलित खोलीत बसून, डोकं ठिकाणावर असताना.

मी फॉर्मची फाइल उघडली आणि तिसरा पर्याय घातला: पत्ता नाही. मामांनी वही काढून बोक्याला झोपवलं, परत उठवलं. मग मुक्तापुढं ‘पत्ता नाही’ निवडलं आणि पहिल्यांदा खुर्चीला टेकून बसले. मला वाटलं, विषय संपला. पण माझा स्वभाव गप्प बसायचा नाही.

“मामा, छावणीच्या वहीत बघू या का?”

शोधच्या चौकोनात मुक्ता टाइप केलं. दोनदा आली. एकदा घरवार यादीत आणि एकदा कुठल्याशा जुन्या प्रश्नपत्रिकेत. छावणीत नाही.

“घरात काय म्हणायचात तिला?”

“भिंगरी. हुबी राह्यली की गिरक्याच घ्यायची.”

भिंगरी टाइप केलं. शून्य नोंदी. मी म्हटलं, जाऊ द्या मामा, आणि पान बंद करायला गेले, तेवढ्यात मामांनी माझा हात धरला. सोळा वर्षांत पहिल्यांदा. मग कीबोर्ड स्वतःकडं ओढला. एका बोटानं शेवटचं अक्षर पुसलं आणि दुसरं टाकलं. भिंगली.

“तिला ‘र’ येत न्हवता,” म्हणाले.

एक नोंद सापडली.

ती नोंद मीच टाइप केलेली! दोन महिन्यांपूर्वी तो शब्द बघून मला हसू आलं होतं, हे कसलं नाव म्हणून. सुधारायला हातही शिवशिवला होता. पण जसं लिहिलंय तसंच उतरवायचं, गुरुजींच्या अक्षरात आपली अक्कल मिसळायची नाही, असा माझाच नियम, म्हणून तसंच ठेवलं. सॉफ्टवेअर अक्षराला अक्षर लावून शोधतं. मी तिथं शहाणपणा केला असता तर ती पोरगी पुन्हा एकदा हरवली असती, आणि ह्या वेळी माझ्या हातून.

“वाचा, मॅडम.”

मी वाचलं. पाच ऑक्टोबर. मुलगी, अंदाजे दोन वर्षे. नाव भिंगली सांगते. उजवा पाय मोडलेला, डोक्याला जखम, केस काढले. जवानांनी ढिगाऱ्यातून काढून आणली, गाव कळले नाही. सोबत कोणी नाही. नातेवाईक येईपर्यंत छावणीत स्वयंपाकाला आलेल्या लक्ष्मम्मा, भाजी बाजार, देगलूर, यांच्याकडे दिली.

“परत वाचा.”

चार वेळा वाचून घेतलं. मग मामा उठले, माठातलं पाणी प्यायले आणि काउंटरवर जाऊन पोरांच्या पुस्तकांवर तारखेचे शिक्के मारत बसले. त्या दिवशी मला धड जेवणही गेलं नाही.

रविवारी उदगीरमार्गे देगलूरची एसटी धरली. मामांना एकटं सोडायची माझी छाती नव्हती. वाटेत मी सारखी बजावत होते, “मामा, आशा धरू नका. एकवीस वर्षं झाली. बाई तिथं असेल-नसेल. पोरगी वेगळीच निघाली तर?” मामा प्रत्येक वेळी “हाव” म्हणत होते आणि खिडकीबाहेर बघत होते.

भाजी बाजारात पहिल्याच केळीवाल्यानं सांगितलं, “लक्ष्मम्मा? कोथिंबीरवाली? ती काय, निळ्या दाराचं घर.” इतकं सोपं! दीडशे किलोमीटरसुद्धा नाही हो. एका एसटीची वाट.

दारात साठीपुढची बाई लसूण सोलत बसली होती. मी म्हटलं, लातूरहून आलोय, भूकंपातल्या एका मुलीची चौकशी करायला. तिच्या मांडीवरचं सूप कलंडलं आणि लसूण सांडला. ती मामांकडं बघत राहिली. मी ओळख करून द्यायच्या आत तिनंच विचारलं, “न्यायला आलास?”

मामांनी चपला काढून ठेवल्या.

“एकवीस वर्षं झाली,” लक्ष्मम्मा म्हणाली. मराठीच, पण तेलुगू वळणाची. “कडी वाजली की छातीत धस्स होतंय. आला, माझ्या बिड्डाला, लेकराला न्यायला आला! आणि आता आलास? आता? मी आणली होती की हिला तुझ्या गावाला!”

“कवा?” मामांचा पहिला शब्द.

“दिवाळीच्या मागून. पाय बरा झाला तसं घेऊन गावोगाव फिरले, तुझ्या गावाला बी आले. पत्र्याच्या शेडात सगळी माणसं. म्हनलं, ही कुणाची लेक? नाव विचारलं तर भिंगली भिंगली म्हणती. कुणाला कळंना. डोक्यावर केस नाही, तोंड सुकून गेलेलं. एक बाई म्हनली, श्रीमंतच्या मुक्तासारखी दिसतीय. तर एकानं यादी काढली. म्हनला, छे, मुक्ता मेली, ही बघा यादीत. ही दुसऱ्या गावची आसंल. मी म्हनलं, त्या श्रीमंतला तरी बोलवा. म्हनले, तो लातूरला गेला, परत येत नाही. अय्यो, मी तीन तास बसले बाबा तिथं! मग उचलली आणि घरी आणली.”

मला वाटलं होतं, हरवलेल्या पोरीला कुणी शोधलं नाही. अहो, पोरगी तर दारात येऊन बसली होती, तीन तास! आणि दार लावणारा कोण, तर बापाच्या तोंडचा एक शब्द.

मामा ओट्यावर बसले आणि कपाळावर हात मारून घेतला. एकदा, दोनदा. “मीच लिव्हलं,” म्हणाले, “मीच लिव्हलं ते.” लक्ष्मम्मानंच त्यांचा हात धरून खाली घेतला.

तेवढ्यात शेजारच्या घरातलं शिलाई मशीन थांबलं आणि एक तरुण बाई बाहेर आली. उजव्या पायानं किंचित लंगडत. गळ्यात टेप, ओठात टाचणी. सासर तिचं तेच, आईच्या भिंतीला भिंत लावून. लक्ष्मम्मानं तिला आपल्या आईचं नाव ठेवलं होतं, मल्लम्मा. लक्ष्मम्मा तेलुगूत भराभर बोलली. मल्लम्मानं ओठातली टाचणी काढली, पदराला टोचली आणि मामांसमोर येऊन उभी राहिली. नाकडोळे मामांचेच. मला दुसरा पुरावा नको होता.

“शोधलं होतं का मला?” तिनं विचारलं. आवाज चढलेला नव्हता, पण चांगलाच धारदार.

मी मध्ये पडणार होते. सांगणार होते की बाई गं, यादी, तालुका, गोंधळ. मामांनी हातानं मला थांबवलं.

“न्हाई शोधलं,” म्हणाले. “मेली म्हनले, आन मी मान्य केलं.”

तिनं गळ्यातला टेप काढून हातात गुंडाळला. मग तिनं विचारलं, “माझा वाढदिवस कधी असतो? शाळेत नव्वद सालचा एक जून लावलाय. गल्लीत निम्म्यांचा एक जूनच हाय.”

“एक जून न्हाई!” मामा एकदम ताठ झाले. “एक्क्याण्णव साल. पोळ्याची कर, म्हंजी दुसरा दिस. शेवंतानं पाणी तापवाय लावलं आन मी सुईणीला बलवाय पळालो. दिस वर यायच्या आत झालीस तू.”

“शेवंता म्हणजे आई?”

“हाव.”

ती नाव पुटपुटली. मग बोटं मोजली आणि फिसकन हसली. “अम्मा, शाळेवाल्यांनी मला एक वर्षानं म्हातारी केली गं!” आणि हसता हसता तिथंच मटकन बसून रडायला लागली. मामाही रडले. मी काय वेगळी? मी तर आधीपासूनच रडत होते.

जेवण झालं. ज्वारीची भाकरी आणि पुंडीची, म्हणजे अंबाडीची, आंबट भाजी. निघायची वेळ झाली तरी लक्ष्मम्मा दारातून हलेना. मला वाटलं, हिला अजून भीती वाटतेय. मामांनाही वाटलं असावं. ते म्हणाले, “लक्ष्मम्मा, मी काय मागाया आलो न्हाई. लेक तुमचीच हाय. मी जातो.”

लक्ष्मम्मानं पदरानं नाक पुसलं. “पुढच्या आठवड्यात नागपंचमी,” म्हणाली. “तुमच्याकडं बाप येतो की पंचमीला लेकीला न्यायला. एकवीस पंचम्या झाल्या, पोरगी कुठं गेली नाही. शुक्रवारी सण आहे. गुरुवारी ये. सकाळी ये, उन्हाचं नेऊ नको तिला.”

सोमवारी सकाळी मी टेबलाशी आले तर काचेखाली रजेचा अर्ज. अक्षर त्यांचंच, गोल आणि सावकाश. नाव, पद, दिवस तीन. कारण या रकान्यात लिहिलं होतं: लेकीला पंचमीला आणायचे आहे.

मी सही केली. शिक्का शोधायला लागले, तर तो मामांच्या हातात होता. तो मामांनीच मारला.